मागून येणाऱ्या गाडीचा विचार आधी

अपघाताच्या जागी पोहोचलो की मी आधी जखमी माणसाकडे धावत नाही. हे ऐकून लोक चमकतात. माझ्या घरचेही पहिल्यांदा चमकले होते. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गस्तीच्या गाडीवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. उतरल्यावर आधी मागे बघायचं. मागून काय येतंय, किती वेगानं येतंय आणि त्या ड्रायव्हरला आपण कुठून दिसायला लागतोय. ताशी १०० किलोमीटरनं येणारी मोटार एका सेकंदात जवळपास २८ मीटर कापते. समोरचं दिसणं, ते डोक्यात शिरणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात दोन सेकंद गेले, तर ब्रेक लागायच्या आधीच पन्नासेक मीटर रस्ता संपतो. त्यात रात्र, पाऊस आणि पहाटेची झोप मिसळली की काय होतं ते आम्ही बघतो.

५ जून २०१६ ला पहाटे पनवेलजवळ याच मार्गावर टायर गेल्यामुळे एक मोटार कडेला थांबली होती. तिच्या मदतीला दुसरी थांबली. मागून आलेली खासगी बस त्या दोन्ही गाड्यांवर आदळून रस्त्याखाली कोसळली आणि १७ माणसं गेली. त्या वर्षभरात या मार्गावर १५१ जणांचा जीव गेला. त्याच साली रस्ते विकास महामंडळ आणि रस्ते सुरक्षेसाठी काम करणारी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था यांनी मिळून या मार्गावरचे मृत्यू शून्यावर आणायचा उपक्रम हाती घेतला. कडेला उभ्या असलेल्या गाड्यांवर मागून होणारी धडक हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. पनवेलची ती घटना आम्हाला प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगितली गेली. पंक्चर झालेलं एक चाक आणि १७ माणसं. मग पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही.

प्रशिक्षणात मला सगळ्यात उपयोगी पडलं ते वर्गात शिकवलेलं नव्हतं. आमच्या सुपरवायझरांनी आम्हाला बोरघाटात उतारावर एका वळणाशी नेलं, क्रॅश बॅरिअरच्या मागे उभं केलं आणि म्हणाले, "काही करू नका. नुसतं बघा." खाली दूरवर कडेला आमची गाडी दिवे लावून उभी केली होती. वरून येणारा ड्रायव्हर ती गाडी कुठे आल्यावर ओळखतो ते बघायचं होतं. ब्रेकचे लाल दिवे कुठे लागतात, कोण लेन आधी बदलतो, कोण अगदी शेवटच्या क्षणी स्टिअरिंग कापतो. तासाभरात सगळ्यांना कळलं की दिवे कितीही झगझगीत असले, तरी वळणाच्या पलीकडच्या माणसाला ते दिसत नाहीत. म्हणजे पहिला इशारा अपघाताजवळ देऊन उपयोग नाही, तो वळणाच्या आधी द्यायचा. घाटातल्या सगळ्या कामाचा पाया हाच आहे असं मला आजही वाटतं.

त्यानंतर कोन लावायला शिकलो. केशरी प्लॅस्टिकचे कोन मांडायला कसलं आलंय शिक्षण, असं वाटतं. पण चालताना तोंड कायम येणाऱ्या वाहतुकीकडे ठेवायचं, वाहतुकीकडे पाठ करून एक पाऊलही टाकायचं नाही, आणि दोघांपैकी एकानं फक्त नजर ठेवायची, त्यानं हातात कोन घ्यायचा नाही. कोन आडवी भिंत घातल्यासारखे लावायचे नाहीत. कडेपासून सुरू करून हळूहळू आत येणारी लांब तिरकी रेषा करायची, म्हणजे गाडीला लेन सोडायला वेळ मिळतो. काढताना बरोबर उलटं. शेवटी लावलेला कोन आधी काढायचा आणि सगळ्यात लांबची इशाऱ्याची पाटी सगळ्यात शेवटी.

आता त्या पहाटेबद्दल लिहितो, कारण हे सगळं एकाच ठिकाणी वापरावं लागलं ते तिथे.

पावसाळ्याचे दिवस होते. घाटात धुकं उतरलेलं. आमची गाडी खंडाळ्याच्या वरच्या अंगाला होती. कंट्रोल रूमकडून वायरलेस आला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. फोन करणारा ट्रकचालक घाबरलेला होता आणि 'बोगद्याजवळ ट्रेलर पलटी' एवढंच सांगत होता. घाटात बोगदे एकाहून जास्त आहेत. कंट्रोल रूममधल्या ताईंनी त्याला शांतपणे दोनच गोष्टी विचारल्या. घाट उतरताय की चढताय? आणि शेवटचा किलोमीटरचा आकडा कोणता दिसला? त्यावरून जागा पक्की झाली: मुंबईकडे जाणारी बाजू, आडोशी बोगद्याच्या वरचा उतार. ही माहिती चुकली तर गाडी उलट्या बाजूला पोहोचते आणि पुढच्या निकासापर्यंत जाऊन वळून येण्यात अमूल्य वेळ जातो. म्हणून प्रवाशांना मी नेहमी सांगतो, गाडी चालवताना अधूनमधून किलोमीटरच्या पाटीकडे नजर जाऊ द्या.

बोरघाटाचा हा पट्टा मुळातच अवघड. खंडाळ्यापासून खोपोलीच्या बाजूपर्यंत द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग काही अंतर एकाच रस्त्यावरून जातात, दोन्हीकडची वाहतूक तिथे एकवटते. उतारावर अवजड गाड्या ब्रेकवर ब्रेक दाबत येतात. काही चालक डिझेल वाचावं म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. मग इंजिनाचा आधार सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापून धूर निघायला लागतो आणि खाली येईपर्यंत पाय दाबला तरी गाडी ऐकत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या उस्तादांचा नियम आजही तितकाच खरा आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा चित्र असं होतं. स्टीलच्या कॉइल, म्हणजे पत्र्याच्या अवजड गुंडाळ्या, नेणारा ट्रेलर दुसऱ्या आणि तिसऱ्या लेनवर तिरका होऊन कलंडलेला. त्याच्यापुढे एक कंटेनर आणि त्या दोघांच्या मध्ये एक छोटी मोटार चेपलेली. आणखी एक मोटार बॅरिअरला घासून थांबलेली. एक कॉइल साखळ्या तोडून खाली आली होती आणि तिसऱ्या लेनच्या कडेला पडली होती. पहिल्या लेनमधून गाड्या अजूनही वाट काढत होत्या. काही जण काच खाली करून मोबाईल बाहेर काढत होते.

माझ्या सहकाऱ्यानं गाडी ट्रेलरच्या मागे तीसेक पावलं सोडून तिरकी लावली आणि चाकं कडेकडे वळवली. मागून कुणी आमच्या गाडीला धडकलंच, तर ती सरळ ढकलली जाऊन आमच्या अंगावर येऊ नये म्हणून. हँडब्रेक लावला, वरचे दिवे चालू ठेवले आणि दोघंही खाली उतरलो. ढाल म्हणून लावलेल्या गाडीत कुणीही बसून राहायचं नाही, बाहेर पाऊस कितीही असो. मग तो मोठी टॉर्च आणि लाल बॅटन घेऊन बॅरिअरच्या आतल्या बाजूनं वर चालत गेला, वळणाच्या पलीकडे. मी एकटा खाली राहिलो.

त्या चेपलेल्या मोटारीतून आवाज येत होता. माणूस जिवंत होता आणि मदत मागत होता. मी त्याच्यापासून फार लांब नव्हतो. तरी आधी कोन घेतले आणि वरच्या दिशेला तोंड करून मांडत गेलो. या कामातली सगळ्यात जड गोष्ट हीच आहे. तो आवाज कानात असताना हातातलं काम सोडायचं नाही. कारण मागचा एखादा ट्रक आत घुसला असता, तर त्या माणसासाठी करण्यासारखं काहीच उरलं नसतं. वायरलेसवरून मी संदेश दिला: दोन लेन बंद, पहिली सुरू, चार वाहनं, एक अडकलेला, कॉइल रस्त्यावर, डिझेल सांडतंय, अग्निशमन, कटर, रुग्णवाहिका आणि मोठी क्रेन हवी. पहिल्या संदेशात शक्य तेवढं सगळं गेलं पाहिजे. नंतर एकेक वस्तू मागवत बसलात तर प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे वाहतुकीत अडकते.

सहकाऱ्याचा वरून आवाज आला, "गाड्या हळू व्हायला लागल्यात." त्यानंतरच मी मोटारीकडे गेलो.

आत तिशीतला एक जण होता. पाय डॅशबोर्डखाली अडकलेले, शुद्धीवर. मी त्याला नाव विचारलं, मान हलवू नको म्हणून सांगितलं आणि म्हणालो, "दादा, मी इथेच आहे. कटर येतोय. माझ्याशी बोलत राहा." त्याचं एकच चाललं होतं, मला ओढून बाहेर काढा. जमलेल्या दोन-तीन जणांचंही तेच म्हणणं. एकानं तर दाराला हातही घातला. त्यांना थांबवणं भाग होतं. मानेला किंवा मणक्याला मार असेल, तर ओढाताणीत माणूस जन्माचा अधू होऊ शकतो. गाडी पेट घेतेय किंवा दरीकडे सरकतेय अशी वेळ असती तर गोष्ट वेगळी. तशी ती नव्हती.

त्या गर्दीत एक टेम्पोचालक होता, तो बाजूला उभा राहून विचारत होता, "साहेब, हात लावला तर पोलिसांचं लफडं मागे लागणार नाही ना?" २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय. मदत करणाऱ्या माणसाला नाव सांगायची किंवा साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, आणि चांगल्या हेतूनं मदत करताना काही बरंवाईट झालं तरी त्याच्यावर खटला चालवता येत नाही. इतकी वर्षं झाली तरी रस्त्यावरच्या माणसापर्यंत हे पोहोचलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मी त्याला एवढंच सांगितलं की कायदा तुमच्या बाजूनं आहे. त्यानं पुढचा अर्धा तास अडकलेल्या माणसाच्या डोक्यावर ताडपत्री धरून ठेवली. पाऊस एकसारखा कोसळत होता.

बॅरिअरला घासलेल्या गाडीतलं कुटुंब मात्र रस्त्यावरच उभं होतं, दोन गाड्यांच्या मधोमध. आजी, आई-वडील, दोन मुलं. कुणाला लागलं नव्हतं, पण सगळे गोंधळलेले.

"काका, आधी सगळे बॅरिअरच्या पलीकडे चला."

"अहो, पण आमचं सामान गाडीत आहे. कागदपत्रं आहेत."

"सामान कुठे जात नाही. आजींना धरा, मुलांना पुढे घाला. बाकीचं मी बघतो."

लोकांना गाडीच्या जवळ उभं राहणं सुरक्षित वाटतं, कारण गाडी आपली असते. खरं तर वेगवान रस्त्यावर बंद पडलेली गाडी ही त्या क्षणी सगळ्यात धोकादायक जागा. गाडीत बसू नका, गाडीच्या मागे-पुढे उभे राहू नका, बॅरिअर ओलांडून आत जा आणि येणाऱ्या वाहतुकीच्या दिशेनं थोडं वर सरका, म्हणजे तुमची गाडी कुणी ठोकली तरी ती तुमच्याकडे भिरकावली जाणार नाही. घाटात त्यातही बघावं लागतं की मागे दरी नाही ना. पावसाळ्यात डोंगराच्या बाजूला वर सुटे दगड नाहीत ना. जुलै २०१५ मध्ये आडोशीजवळ दरड वाहनांवर कोसळली होती, त्यानंतर कातळावर जाळ्या बसवण्याचं काम झालं. त्या कुटुंबाला मी जाळीखालच्या मोकळ्या जागेत उभं केलं.

एव्हाना महामार्ग पोलीस आले होते आणि या मार्गावरचं देवदूत हे बचाव पथकही. अडकलेल्याला काढायचं काम त्यांचं. आधी त्यांनी मोटारीखाली लाकडी ठोकळे घालून ती स्थिर केली, मग बॅटरीची केबल काढली. न फुटलेली एअरबॅग कापाकापीत अचानक उघडली तर आतल्या माणसाला आणि कापणाऱ्यालाही इजा करते, म्हणून तिच्यासमोर कुणी झुकायचं नाही. हायड्रॉलिक स्प्रेडरनं दार फाकलं आणि डॅशबोर्ड वर उचलायला सुरुवात झाली. हे काम सावकाश होतं आणि ते सावकाशच व्हायला हवं.

खरा निर्णय घ्यायचा होता तो पहिल्या लेनचा. ती चालू ठेवायची की सगळंच थांबवायचं? टोल भरून आलेला माणूस थांबला की चिडतो, फोन सुरू होतात, वरून विचारणा होते. त्यामुळे एक लेन तरी चालू ठेवा, हा दबाव कायम असतो. माझं स्पष्ट मत आहे की क्रेन काम करत असेल तेव्हा शेजारून गाड्या सोडू नयेत. क्रेनचा हात फिरतो, वायर ताणलेली असते, आणि कडेनं जाणाऱ्यांपैकी निम्म्यांची नजर रस्त्यावर नसते. त्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटांचा एक सरळ ब्लॉक घ्यावा, काम उरकावं आणि रस्ता पूर्ण मोकळा करावा. एकेक गाडी सोडत दोन तास काढले तर मागची रांग जास्त लांबते आणि धोकाही तितका वेळ टिकतो. पोलीस अधिकाऱ्यांचंही तेच मत पडलं. हलकी वाहनं वरूनच जुन्या महामार्गानं, शिंग्रोबाच्या देवळाकडून खोपोलीकडे वळवायची आणि अवजड वाहनं वर थांबवायची असं ठरलं. त्या जुन्या घाटातली वळणं आणि उतार बघता भरलेले ट्रेलर तिकडे पाठवणं म्हणजे दुसऱ्या अपघाताला आमंत्रण.

ब्लॉक घेण्याआधी मी रांगेच्या पुढच्या गाड्यांवरून एक नजर फिरवली. पाच-सहा गाड्यांमागे एक टँकर होता. मागच्या पाटीवर १०७५ हा आकडा, म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर ही पाटी सक्तीची असते आणि लांबून, दुर्बिणीनं का होईना, ती वाचायची आम्हाला सवय लावलेली असते. चालक म्हणाला, "खाली है साहब." रिकाम्या टँकरमध्ये वायू उरलेला असतो, त्यामुळे तो भरलेलाच धरायचा. जवळच डिझेल सांडलेलं, ट्रेलरच्या तुटक्या साखळ्या कापायला कदाचित गॅस कटर लागणार. अशा ठिकाणी हा टँकर रांगेत अडकून राहणं मला मान्य नव्हतं. पोलिसांशी बोलून पहिल्या लेनमधून तो एकटा, पुढे माणूस चालवत, सावकाश खाली काढला आणि मगच ब्लॉक घेतला. १३ जून २०२३ ला लोणावळ्याजवळ कुणे पुलावर रसायनाचा टँकर पेटला, तेव्हा जळतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर पडलं आणि चार जणांचा जीव गेला. खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांचा त्या टँकरशी काहीही संबंध नव्हता. टँकर दिसला की आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात ती घटना असते.

रस्ता पूर्ण बंद झाला आणि रांग वर वाढायला लागली. आता धोक्याची जागा बदलली होती. तो अपघातापाशी नव्हता, रांगेच्या शेपटाशी होता. लोणावळ्याकडून सपाटीवर मोकळा रस्ता मिळालेला चालक उतारावर येतो आणि अचानक समोर थांबलेले ट्रक. म्हणून दुसरी गस्तीची गाडी शेपटाच्याही बरीच मागे उभी केली होती. रांग जशी वाढेल तसा तिचा इशाराही वर सरकवायचा. शेपूट खंडाळ्याच्या बोगद्याकडे यायला लागलं तेव्हा आमचा आग्रह होता की गाड्या बोगद्याच्या तोंडाआधीच थांबवा. आत रांग लागली तर धूर कोंडतो, अंधाऱ्या नळकांड्यात उभ्या गाड्या मागच्याला उशिरा दिसतात, आणि काही पेटलं तर पळायला जागा नसते. बोगद्यापुढे थोडी मोकळी जागा राहिली तर चालेल, आत गाडी थांबता कामा नये. त्या गाडीवरचे दोघं पावसात तीन तास हात हलवत उभे होते. त्यांचा फोटो कुठे आला नाही, पण त्या पहाटे दुसरा अपघात झाला नाही तो त्यांच्यामुळे.

रुग्णवाहिकेचा प्रश्न उरला. वरून येणारी गाडी रांगेत अडकणार, कारण थांबलेल्या मोटारींनी कडेची पट्टीही भरून टाकली होती. हे दर वेळी होतं. कडेची पट्टी ही अडचणीतल्या माणसाची वाट आहे, ती अडवली की आपण कुणाचा तरी श्वास अडवतो. पण पूर्ण ब्लॉकचा एक फायदा असतो, अपघाताच्या खालचा रस्ता रिकामा असतो. खोपोलीच्या बाजूनं १०८ ची रुग्णवाहिका पोलिसांच्या गाडीमागून उलट्या दिशेनं वर आणली. असं फक्त पोलिसांच्या देखरेखीखाली आणि वरचा ब्लॉक पक्का असल्याची वायरलेसवर खात्री करूनच करायचं. तोवर त्या तरुणाचे पाय मोकळे झाले होते. मानेला कॉलर, पाठीखाली फळी. स्ट्रेचर उचलताना त्यानं टेम्पोचालकाचा हात धरला होता, तो सोडेना. खोपोलीहून धावून आलेले स्वयंसेवक त्याच्याबरोबर गेले आणि त्याच्या घरी फोन लावायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजना मे २०२५ पासून लागू आहे. नातेवाईक घाबरलेले असतात, त्यांना ही गोष्ट कुणीतरी वेळेवर सांगितली पाहिजे.

मग कॉइल. वीस-वीस टनांची ही लोखंडी गुंडाळी दिसायला निवांत पडलेली असते, पण उतारावर ती गोल वस्तू आहे हे विसरायचं नाही. कुणीही खालच्या बाजूला उभं राहायचं नाही. आधी तिच्या खालच्या अंगाला जाड लाकडी ओंडके ठोकले, मग मधल्या भोकातून पट्टा ओवून क्रेननं उचलली आणि दुसऱ्या ट्रेलरवर ठेवली. कलंडलेला ट्रेलर सरळ करायला दोन क्रेन लागल्या. एकीनं ओढायचं, दुसरीनं धरून ठेवायचं. क्रेनवाल्याला खुणा करणारा माणूस एकच असतो. चार जण चार दिशांनी ओरडायला लागले की दुर्घटना ठरलेली. त्या दिवशी सुदैवानं सगळ्यांनी ते पाळलं.

दरम्यान पुण्याकडे चढणाऱ्या बाजूला वेगळंच सुरू झालं होतं. तिकडे रस्ता पूर्ण मोकळा, तरी गाड्या रेंगाळत होत्या, लोक व्हिडिओ काढत होते. एक मोटार पुढच्या गाडीच्या बंपरला टेकलीसुद्धा. म्हणून तिकडेही एक माणूस हिरवा बॅटन घेऊन बॅरिअरमागे उभा करावा लागला, 'चला, चला, थांबू नका'. जखमी माणसाच्या घरच्यांना बातमी कळायच्या आधी त्याचं रक्त मोबाईलवर फिरायला लागतं, हे मला कधीही सहन होत नाही.

डिझेलला सगळ्यात जास्त वेळ लागला. पावसाच्या पाण्यानं ते धुतलं जातं असा समज आहे. उलट ते पसरतं आणि उताराबरोबर खाली वाहत जातं, दिसेनासं होतं, पण निसरडं तसंच राहतं. आम्ही वाळू आणि भुसा टाकला, झाडून गोळा केला, पुन्हा टाकला. शेवटी मी आणि पोलीस हवालदार पायी चालत खालपर्यंत गेलो, बुटाच्या टाचेनं रस्ता तपासत. बोल्ट, काचा, साखळीची तुटकी कडी, सगळं वेचलं. एवढासा लोखंडी तुकडा पुढच्या गाडीचा टायर फाडायला पुरेसा असतो.

रस्ता उघडण्याची घाई झालेली असते तेव्हाच सगळ्यात जास्त जपावं लागतं. तासन् तास थांबलेल्या ट्रकमधले चालक झोपलेले असतात. पुढच्या गाड्या हलल्या आणि मधला एकच ट्रक झोपलेला राहिला, की मागचे सगळे त्याला वळसा घालायला लेन कापतात. म्हणून आमची माणसं रांगेतून चालत जाऊन दारं वाजवत होती, "उस्ताद, उठा. चेहऱ्यावर पाणी मारा. हवेचा दाब बघा, मग गाडी काढा." उतारावर उभ्या राहिलेल्या अवजड गाडीच्या टाकीतला हवेचा दाब उतरला असेल तर ब्रेक नीट काम करत नाहीत, तो आधी भरू द्यावा लागतो. खाली पाय मोकळे करायला उतरलेल्या प्रवाशांना गाडीत बसवलं. मग पोलिसांची गाडी सगळ्यात पुढे, तिच्यामागे संथ वेगात पहिली तुकडी. कुणालाही तिला ओलांडू द्यायचं नाही. अडलेल्या माणसाला गेलेला वेळ भरून काढायचा असतो आणि ते तो उतारावर करायला बघतो.

आम्ही कोन गोळा केले, खालून वर. शेपटाशी असलेली गाडी सगळ्यात शेवटी हलली, रांग पूर्ण विरल्यावर.

दोन दिवसांनी ऑफिसात बैठक झाली. फोन कधी आला, पहिली गाडी कधी पोहोचली, ब्लॉक कधी घेतला, रुग्णवाहिका कधी निघाली, लेन कधी उघडल्या, अशा वेळा फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या. त्या तरुणाचं ऑपरेशन झालं होतं आणि दोन्ही पाय वाचले होते, हे तिथेच कळलं. फळ्याकडे बघताना एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. भुसा आणि वाळूच्या गोण्या खालून, खोपोलीकडून आणाव्या लागल्या आणि त्यात बराच वेळ गेला. आता त्या पावसाळाभर घाटाच्या वरच्या बाजूलाही ठेवल्या जातात, ताडपत्रीखाली, लाकडी ओंडक्यांसकट. आणि दोन गाड्या निघाल्या तर दुसरीनं अपघाताच्या जागी यायचंच नाही, थेट शेपटाकडे जायचं, हे तेव्हापासून कंट्रोल रूमच्या पहिल्याच संदेशात सांगितलं जातं.